पाकटवालीची नात

बेत खरं तर बुसानचा होता. त्या वर्षी ऑक्टोबरातला कोरियन लिपीदिन शुक्रवारी आला, लागून तीन दिवस सुट्टी मिळाली आणि निम्म्या सोलने एकदमच बुसानची गाडी धरायची ठरवली. माझा नवरा ग्यूवॉन पहाटेपासून फोन घेऊन बसला होता, पण त्याच्या पदरात पडली ती मोकपोची तिकिटं. बंदर तेही आहे, समुद्र तिथंही आहे, असं म्हणत त्याने तीन जागा पक्क्या केल्या. तिसरी त्याच्या आईची. सासरे गेल्यापासून सासूबाई घराबाहेर पडेनाशा झाल्या होत्या; त्यांना कुठंतरी हलवायचं, एवढाच या सगळ्याचा हेतू होता.

मोकपोचं नाव काढलं तेव्हा सासूबाई भाजी निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. "तिथं काय ठेवलंय? चिखल आणि पाकट मासे," म्हणाल्या आणि पुन्हा निवडायला लागल्या. मला वाटलं, आता नाही म्हणणार. पण दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे गेले तर पिशवी भरून दाराशी तयार होती.

निघायच्या आदल्या संध्याकाळी ग्यूवॉनने ऑफिसच्या मित्रांबरोबर खेळताना पाय मुरगळून घेतला. घोटा वांग्यासारखा सुजला. तुम्ही दोघी जा, तिकिटं पुन्हा मिळायची नाहीत, असा त्याने धोशा लावला. सासूबाईंचं आणि माझं कधी भांडण झालं नव्हतं, कारण भांडायला लागते तेवढीसुद्धा आमची ओळख नव्हती. सणाला जायचं, त्यांनी डबे भरून द्यायचे, मी भांडी घासून द्यायची. असं करता करता आठ-नऊ वर्षं गेली होती. आता तीन दिवस एका खोलीत राहायचं होतं.

माझं काम कानाच्या मशिनींचं. दुकानात येणाऱ्यांना बारीक बारीक आवाज ऐकवायचे आणि कुठला ऐकू येत नाही ते शोधायचं. या कामाने एक खोड लागते. माणूस काय बोलतो त्यापेक्षा कसं बोलतो, तिकडे कान जातो. सासूबाई मला पहिल्या दिवसापासून बातम्या देणाऱ्या बाईसारख्या वाटायच्या. एकही शब्द घरंगळलेला नाही, एकही सूर सैल नाही. त्या मूळच्या देजॉनच्या. पण देजॉनकडची माणसं कशी ऐसपैस बोलतात, वाक्य संपवायची त्यांना घाई नसते. सासूबाईंच्यात तेही नव्हतं. शहराची सवय झाली असेल, असं मी धरून चालले होते.

योंगसान स्टेशनात गाडीत चढलो तेव्हा त्या जागेशी उभ्याच राहिल्या. "मला डावी खिडकी दे," म्हणाल्या. सासूबाईंनी माझ्याकडे काही मागितल्याचं मला तरी आठवत नव्हतं. मी सरकले.

इकसानला एक म्हातारा चढला, आमच्या पुढच्या जागेवर बसला आणि बसल्या बसल्या बायकोला फोन लावला. बोली तिकडची, मोकपो ज्यात येतं त्या जॉल्ला प्रांताची. प्रत्येक वाक्याच्या शेवटी नाकातून निघणारा लांबट 'इंग'. त्याचं सगळं बोलणं मिळून एवढंच होतं, की ते हे आहे ना, ते त्या ह्याच्या मागं ठेवलंय, तर ते ह्याला दिऊ नगंस. सासूबाई खुदकन हसल्या. त्यांना असं हसताना मी फार क्वचित पाहिलं होतं.

"काय म्हणाला तो?" मी हळूच विचारलं.

"जावयासाठी आणलेली दारू तांदळाच्या पिंपामागे ठेवलीय. ती शेजाऱ्याला देऊ नको म्हणाला."

"पण तो दारू म्हणाला नाही, पिंपही म्हणाला नाही."

"मग? तेच म्हणाला ना." एवढं बोलून त्यांना काहीतरी जाणवलं असावं. त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं.

तिथून पुढे मी त्यांच्यावरून नजर काढली नाही. नाजू गेलं, भातशेतं पिवळी पिवळी मागे पळायला लागली आणि डाव्या हाताला नदी आली. सासूबाई काचेला कपाळ टेकवून बघत होत्या. नदी आटल्यासारखी वाटते, पूर्वी भरतीचं पाणी इथवर चढायचं, असं त्या जणू काचेलाच म्हणाल्या. पूर्वी म्हणजे कधी, असं मी विचारलं. शाळेत भूगोलात होतं, म्हणाल्या.

मोकपोला रूळ संपतात. पुढे जायला गाडीला जागाच नाही. उतरलेली माणसं सावकाश चालत बाहेर पडतात, कारण कुणालाच पुढची गाडी धरायची नसते. आम्ही खोलीवर सामान टाकलं आणि जेवायला निघालो. मला वाकटीचं तिखट कालवण खायचं होतं. सासूबाई मात्र दोन चकचकीत हॉटेलं मागे टाकून एका बुटक्या दाराशी थांबल्या. आतून येणारा वास मुतारीचा की दवाखान्याचा, ते मला ठरवता येईना. मुरवलेलं पाकट.

हे मला चमत्कारिक वाटलं, कारण एकदा शेजारणीने कौतुकाने आणून दिलेलं पाकट सासूबाईंनी झाकणसुद्धा न उघडता गॅलरीत ठेवलं होतं, आणि हे जॉल्लाकडचे लोक कसं खातात कोण जाणे, असं सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या. इथे त्यांनी न विचारता मागवलं. पाकटाचा तुकडा, त्यावर उकडलेल्या डुकराची चकती, त्यावर जुनी आंबलेली किमची, असं एकावर एक रचून त्यांनी तोंडात घातलं आणि डोळे मिटले. मग माझ्यासाठी तसंच रचलं.

"तोंड मिटून चाव. आणि श्वास नाकाने सोड, घेऊ नको."

मी तसं केलं. टाळूपासून डोक्याच्या शेंड्यापर्यंत काहीतरी सर्रकन गेलं आणि डोळ्यांतून पाणी आलं. पण मग तो तुकडा गोड लागायला लागला. मी दुसरा मागितला तेव्हा सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझी त्यांना आजच ओळख झाली होती.

दुपारी आम्ही बंदरामागच्या टेकडीवर चढलो. चढलो म्हणजे त्या चढल्या आणि मी मागून धापा टाकत गेले. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने भिंतीला चिकटावं, अशा त्या गल्ल्या. त्या फाट्यावर थांबत नव्हत्या, पाटी वाचत नव्हत्या. मधेच एका पायरीवर त्यांनी उजवा पाय न टाकता ती ओलांडली. मी टाकला, तर दगड डुगडुगला.

वरती एका वळणावर त्या उभ्या राहिल्या. समोर छोटं कॉफीचं दुकान होतं, भिंतीवर रंगवलेले मासे, दारात दोन तरुण मुली फोटो काढत होत्या. सासूबाई दुकानाकडे बघत नव्हत्या. दुकान जिथे उभं होतं, त्या जागेकडे बघत होत्या. मला राहवलं नाही.

"आई, तुम्ही इथल्याच ना?"

"मी देजॉनची आहे. सगळ्यांना ठाऊक आहे." आवाज पुन्हा बातम्यांचा झाला. "चल, वारा सुटलाय."

आम्ही उतरायला लागलो. संध्याकाळी ग्यूवॉनचा फोन आला. काय केलंत, आईने त्रास दिला का, असं तो विचारत होता. सासूबाई पलंगाच्या कडेला बसून मोजे काढत होत्या, पण त्यांचे हात हलत नव्हते. मी सांगितलं की फिरलो, मासे खाल्ले, टेकडीवरून बेटं पाहिली. बाकीचं मी गिळलं. ते सांगायचं तर त्यांनी सांगायचं होतं. फोन ठेवल्यावर त्यांनी मोजे काढून उशाशी घडी करून ठेवले आणि म्हणाल्या, "उद्या बाजारात जाऊ. वाकट्या चांगल्या मिळतात."

शनिवारी सकाळी मासळीबाजार भरून वाहत होता. सासूबाई एका पाटीपुढे वाकल्या. लांब चंदेरी वाकट्या बर्फावर मांडलेल्या. त्यांनी बोटाने एकीचं पोट दाबलं, भाव विचारला आणि मान हलवून उभ्या राहिल्या. कोळीण साठीची असेल, ओठांवर लाल भडक रंग. शेजारणीकडे वळून ती आपल्या बोलीत म्हणाली, "ह्या सोलच्या बाया बगा. बोटं घालून माशाची पोटं फोडत्यात आन हात झटकून जात्यात."

सासूबाई दोन पावलं पुढे गेल्या होत्या. त्या थांबल्या. मी त्यांच्या पाठीकडे बघत होते. पाठ आधी ताठ झाली आणि मग एकदम सैल पडली. त्या वळल्या.

"बोटं घालू न्हाय तर काय नाक घालू?" तोच नाकातला 'इंग', तोच लांबलेला सूर, आणि आवाज पोटातून आलेला. "परवाची वाकटी हाय ही. डोळा बग कसा दुधाळलाय. बर्फाचा शालू नेसवला म्हंजी म्हातारी नवरी व्हती व्हय गं?"

कोळणीचं तोंड उघडंच राहिलं. शेजारीण आधी हसली, मग ती स्वतः हसली, मग पलीकडची रांग हसली. तिने पाटीखालून दुसरी, खरोखर ताजी वाकटी काढली आणि विचारलं, कुणाची गं लेक तू? सासूबाईंनी गळ्यातल्या रुमालाचं टोक हातात धरलं होतं. लेक नव्हं, नात, म्हणाल्या. वरच्या टेकडीवर पाकटवाली म्हातारी होती, तिची. कोळणीला म्हातारी आठवत नव्हती, पण तिने रांगेच्या टोकाकडे हात केला. टेकडीवरचं जुनं माणूस म्हणजे गुमदान. लाल टोपल्यात ऑक्टोपस घेऊन बसते ती.

ते नाव ऐकल्यावर सासूबाईंचा चेहरा असा झाला, की मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही.

टोपल्यापाशी सत्तरीची ठेंगणी बाई बसली होती. रबरी हातमोजे, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल. सासूबाईंनी तिच्यापुढे उभं राहून हळूच नाव घेतलं. तिने वर न बघता विचारलं, छोटे पाहिजेत की मोठे?

"मी मालसिम," सासूबाई म्हणाल्या.

"मोठ्यानं बोल. मशीन कानात शिट्ट्या मारतं म्हणून काडून ठेवलंय."

"मी मालसिम!"

"कोन?"

"मालसिम! टेकडीवरची! पाकटवालीची नात!"

रांगेतल्या सगळ्या माना वळल्या. जी गोष्ट सासूबाईंनी पन्नास वर्षं घरात कुजबुजतसुद्धा सांगितली नव्हती, ती आता त्या बाजारभर ओरडून सांगत होत्या, कारण दुसरा इलाजच नव्हता. गुमदानमावशींनी हातमोजे काढले. ओल्या हातांनी सासूबाईंचा चेहरा धरला, या गालावरून त्या गालावर वळवून पाहिला, जशी मघा सासूबाईंनी वाकटी पाहिली होती. मग पाठीत एक धपाटा घातला.

"तू मेलीस असं ऐकलं व्हतं मी."

"मेले न्हाय! सोलला व्हते!"

"येकच की."

आणि दोघी तिथेच टोपल्याशेजारी ओल्या फरशीवर बसल्या. रडल्या की हसल्या ते मला नीट सांगता येणार नाही, कारण मी तोंड फिरवून ऑक्टोपसकडे बघत होते. टोपल्यातला एक बाहेर निघाला होता. त्याला आत ढकलायचं काम मला मिळालं.

दुपारी मावशींनी दुकान शेजारणीच्या हवाली केलं आणि आम्हाला घरी नेलं. मी त्यांचं कानाचं मशीन मागून घेतलं. दोष मोठा नव्हता. नळीत मळ अडकला होता आणि कानात बसणारी रबरी टोपी एक माप लहान होती, म्हणून शिट्टी वाजायची. टोपी मी माझ्या पिशवीतली बसवली. सासूबाई स्वयंपाकघरातून अजून ओरडूनच बोलत होत्या. मावशींनी कानाला हात लावला आणि शांतपणे म्हणाल्या, "बोंबलू नगंस, बाजार संपला."

संध्याकाळच्या आधी आम्ही तिघी धक्क्यावर जाऊन बसलो. समोर तीन बेटं. सासूबाई लहान असताना त्या बेटांना भराव घालून किनाऱ्याला जोडायचं काम चाललं होतं. मावशी म्हणाल्या, जोडलं, कारखाने घातले, मग पस्तावले आणि पुन्हा मधे खणून पाणी सोडलं. मग त्या पाणी आणायच्या निमित्ताने उठून गेल्या. मुद्दाम गेल्या, हे मला कळलं.

सासूबाईंनी सांगायला सुरुवात केली तेव्हा त्या बेटांकडेच बघत होत्या. आई-वडील लहानपणी गेले, आजीने पाकट विकून वाढवलं. शाळेत त्यांच्या अंगाला वास येतो म्हणून शेजारी गुमदानशिवाय कुणी बसत नसे. आजी गेल्यावर देजॉनच्या काकांकडे काही महिने काढले आणि मग सोलला शिलाईच्या कारखान्यात लागल्या. खोली बघायला गेल्या, तर घरमालकिणीने आधी गाव विचारलं. गाव सांगितल्यावर खोली आताच गेली म्हणाली. पुढच्या घरीही तेच. तिसऱ्या घरी त्यांनी देजॉन सांगितलं आणि खोली मिळाली. मग रात्रपाळीत रेडिओवरच्या बातम्या ऐकत त्या तसंच्या तसं बोलायला शिकल्या.

"आणि बाबा?" मी विचारलं. सासरे देगूचे, म्हणजे जॉल्लाबद्दल पिढीजात अढी असलेल्या पूर्वेकडचे.

"त्यांना मी पहिल्याच दिवशी सांगितलं. त्यांच्या आईने मात्र बजावलं होतं की कुठलीही आण, तिकडची आणू नको. तेव्हा तेच म्हणाले, तुझी गाडी देजॉनवरूनच आली ना? तू तिथं उतरलीस ना? मग देजॉनहून आली म्हटलं तर त्यात खोटं काय?" त्या हसल्या. "सासू गेल्यावर सांगू असं ठरलं होतं. पण त्या गेल्या तोवर ग्यूवॉन मोठा झाला होता. इतकं जुनं झालेलं उकरायचं कशाला, असं वाटलं."

मी त्यांच्या जवळ सरकून बसले.

"रात्री दार लावलं की ते म्हणायचे, मालसिम, बोल तुझ्या बोलीत. मी बोलायचे. त्यांना निम्मं कळायचं नाही, पण ऐकत पडायचे. ते गेल्यापासून," त्यांनी धक्क्यावरचा शंख उचलला, परत ठेवला. "ते गेल्यापासून मी घरात एकटीच बोलून बघितलं. पण भिंतीशी कसं बोलायचं?"

त्या दोन वर्षं घराबाहेर का पडत नव्हत्या, त्यावर आम्ही नवरा-बायकोने किती डोकं चालवलं होतं. गुडघे असतील, मन लागत नसेल, टीव्ही मोठा घेऊन देऊ. हे आमच्या स्वप्नातही आलं नव्हतं. मी त्यांना विचारलं, सकाळचं वाकटीचं वाक्य पुन्हा म्हणता का? त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी ते म्हटलं, सावकाश, आणि मी त्यांच्या मागून म्हटलं. माझा 'इंग' ऐकून, पाणी घेऊन आलेल्या मावशींच्या हातातली बाटली हिंदकळली. म्हशीला शिंक आली वाटतं, म्हणाल्या.

रविवारी सकाळी सासूबाईंनी मावशींच्या मोठ्या आवाजाच्या फोनवरून स्वतः मुलाला फोन लावला. मावशींच्या ओसरीवर, पाय पसरून. त्याने उचलल्यावर त्या त्यांच्या बोलीतच बोलल्या. पाय कसा हाय, जेवलास का, असंच साधं. मग ग्यूवॉनचा आवाज आला, काकू, चुकीचा नंबर लागलाय. सासूबाई म्हणाल्या, "नंबर बराबर हाय. आई चुकीची सांगितली व्हती."

मग त्यांनी सगळं सांगितलं. मी आणि मावशी लांब जाऊन लसूण सोलत बसलो, पण कान तिकडेच होते. शेवटी त्याने विचारलं, लहानपणी ताप आला की तू डोक्यावर हात ठेवून काहीतरी पुटपुटायचीस, मला वाटायचं मंत्र आहे. ते हेच का? सासूबाई हो म्हणाल्या. म्हण ना एकदा, तो म्हणाला. त्यांनी म्हटलं. अर्थ अगदी साधा होता, की माझ्या सोन्या, घाम येऊ दे, ताप पळू दे. ग्यूवॉन नंतर मला म्हणाला, फोन ठेवून तो जमिनीवरच बसला होता, सुजलेला पाय पुढे करून.

परतीच्या गाडीला मी एकटीच चढले. गुमदानचं घर मोकळंच आहे, हिवाळ्याची किमची घालायचे दिवस आलेत, तिला एकटीला झेपायचं नाही, असं सासूबाईंनी फलाटावर सांगितलं. मावशी मागून म्हणत होत्या, मला चांगलं झेपतं, हीच रडत होती राहते म्हणून. गाडी हलली तरी त्यांचा वाद चालूच होता. माझ्याकडे हात करायचं दोघी विसरल्या.

सासूबाई परत आल्या त्या हिवाळ्याच्या तोंडावर, पाकटाचा घट्ट बांधलेला डबा घेऊन. ग्यूवॉनने तो गॅलरीत नेला आणि दार लावून तिथेच उभ्याने खाल्ला. आता त्या आमच्याकडे आल्या की मोकळ्या बोलतात. त्याला रागावतात तेव्हा त्याला निम्मं कळत नाही, मग तो स्वयंपाकघरात येऊन मला विचारतो, आई आत्ता मला काय म्हणाली? मला कळलेलं असलं तर मी सांगते. नसलं तर त्यांनाच विचारते, आणि त्या सांगतातही. पण कधी कधी तोंडावरची सुरकुतीही न हलवता मुद्दाम भलताच अर्थ सांगतात, असा मला दाट संशय आहे. मावशींना विचारून खात्री करून घेतल्याशिवाय मी हल्ली काहीच खरं धरत नाही.